शेजाऱ्यासह हिशेब : एका समीकरणाची कुळकथा

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून एक गृहस्थ आपल्याला वारंवार भेटतो, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्याला शेजारी नसतात. कधी तो हायड्रोजनचा अणू असतो, कधी पेटीत कोंडलेला इलेक्ट्रॉन, तर कधी स्प्रिंगला टांगलेले वजन. परंतु रूप कोणतेही घेतले तरी त्याच्या घराला दारे-खिडक्या नसतात, त्याच्याकडे कोणी येत नाही, त्याच्याकडून कोणी काही नेत नाही, आणि म्हणूनच त्याच्या आयुष्याचा सारा हिशेब अर्विन श्रोडिंजरने १९२६ साली लिहिलेल्या एका समीकरणात बिनचूक बसतो. ह्या हिशेबाचा एक विलक्षण गुण असा की तो उलटाही वाचता येतो. आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती जशी काढावी, तशीच कालचीही काढता येते, कारण तेथे काही हरवत नाही, काही झिजत नाही आणि काही विसरलेही जात नाही.

खरा अणू मात्र बिऱ्हाड करून राहतो तो चाळीत. प्रकाशाचे क्षेत्र त्याच्या भिंतीला भिंत लावून असते, आजूबाजूच्या अणूंचे धक्के त्याला अहोरात्र बसतात, भोवतालची उष्णता त्याच्या खोलीत न विचारता शिरते; परिणामी तो उजळतो, निवतो, थकतो आणि आपली पूर्वस्थिती विसरून जातो. ह्या चाळकऱ्याचा हिशेब कसा लिहावा, ह्या प्रश्नाचे आज सर्वमान्य झालेले उत्तर एका ओळीच्या समीकरणात आहे. गोरिनी, कोसाकोव्स्की, सुदर्शन आणि लिंडब्लाड ह्या चार आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जीकेएसएल समीकरण' म्हणतात, आणि ज्यांना घाई असते ते नुसते 'लिंडब्लाड समीकरण' म्हणून मोकळे होतात. ते सिद्ध झाले १९७६ साली. त्याची पहिली चाहूल लागली होती १९२७ साली. मधली एकोणपन्नास वर्षे ते कोठे अडून बसले होते, हीच ह्या समीकरणाच्या कुळकथेतील मला सर्वांत रसाळ वाटणारी गोष्ट.

१९२७ साली, पुंजयामिकी, म्हणजे आजच्या बोलीत क्वांटम यांत्रिकी, जन्माला येऊन पुरती दोन वर्षे झाली नव्हती तोच, लेनिनग्राडमधील एकोणीस वर्षांच्या लेव्ह लान्डाऊने लहरयामिकीतील अवमंदनाच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. अणू प्रकाश फेकतो आणि खालच्या पातळीवर येतो. आपल्याला अणूचेच वर्तन जाणून घ्यावयाचे आहे, निसटून गेलेल्या प्रकाशाचे पुढे काय झाले ह्याची चौकशी करावयाची नाही. अशा वेळी अणूपुरता हिशेब कसा मांडावा, असा त्याचा प्रश्न होता. त्याच वर्षी गटिंगेनमध्ये योहान फॉन नॉयमान हा तेवीस वर्षांचा गणिती पुंजयामिकीतील संभाव्यतेचा पाया रचीत असताना अगदी निराळ्या वाटेने त्याच साधनापाशी येऊन पोचला. ते साधन म्हणजे घनता-आव्यूह. आपण त्याला घनतेचे कोष्टक म्हणू.

हे कोष्टक म्हणजे काय, ते सांगण्यासाठी जुन्या सावकारी पेढीची आठवण केल्यावाचून मला राहवत नाही. दोन भागीदारांचे व्यवहार एकाच समाईक वहीत लिहिलेले असावेत, आणि एका भागीदाराने दुसऱ्याची पाने मिटून, आपल्यापुरती बेरीज एका चौकोनी तक्त्यात उतरवून घ्यावी, तसे हे कोष्टक असते. त्याच्या कर्णावर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच्या घरांत, व्यवस्था अमुक एका स्थितीत सापडण्याच्या संभाव्यता असतात, आणि त्यांची बेरीज सदैव १ भरली पाहिजे. कर्णाबाहेरच्या घरांत एका स्थितीचा दुसऱ्या स्थितीशी असलेला नाजूक संबंध नोंदलेला असतो. पुंजयामिकीतील सारी नवलाई, अणू एकाच वेळी 'येथे' आणि 'तेथे' असल्यासारखा वागतो ती, ह्या बाहेरच्या घरांत राहते. तिला आपण सुसंगती म्हणू. शेजाऱ्याचा उपद्रव सुरू झाला की बहुधा प्रथम पुसट होतात ती हीच घरे. श्रोडिंजरचे समीकरण ज्या तरंगफलनाचा हिशेब ठेवते, त्यात ह्या पुसट होण्याला जागाच नव्हती. समाईक वहीतील एकट्या भागीदाराचे वर्णन त्या फलनाने करताच येत नाही. जागा झाली ती लान्डाऊ आणि फॉन नॉयमान ह्यांच्या कोष्टकामुळे.

साधन हाती आले; नियम मात्र आला नाही. कोष्टक काळाबरोबर बदलते, पण कोणत्या नियमाने? पुढच्याच वर्षी, १९२८ साली, झोमरफेल्टच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या गौरवग्रंथात वोल्फगांग पाउलीने कर्णावरच्या आकड्यांपुरता एक नियम दिला. एका पातळीतून किती संभाव्यता वाहून गेली आणि दुसरीत किती जमा झाली, असा तो साधा जमाखर्च होता. त्यासाठी कर्णाबाहेरची घरे क्षणोक्षणी पुसून टाकण्याची मुभा त्याने स्वतःला देऊन ठेवली होती, आणि ही मुभा न्याय्य कशी, ह्यावर पुढे कित्येक वर्षे पंडितांत खल चालला.

ह्या जातीच्या समीकरणांना इंग्रजीत 'मास्टर इक्वेशन' म्हणतात. मराठीत 'मास्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छडी घेतलेले मास्तर उभे राहतात, त्यामुळे ह्या नावाचा उगम शोधताना माझी प्रथम थोडी करमणूक झाली आणि नंतर आश्चर्य वाटले. कारण हा शब्द पुंजयामिकीच्या दफ्तरात जन्मलेलाच नाही. १९४० साली नॉर्डसीक, लॅम्ब आणि उलेनबेक ह्या तिघांनी विश्वकिरणांच्या वर्षावावर एक निबंध लिहिला. एक वेगवान कण वातावरणात शिरतो, त्यातून दोन निघतात, दोहोंतून चार, आणि बघता बघता कणांची सर कोसळते. त्या सरीतील कणांच्या संख्येची चढउतार कशी मोजावी, हा त्यांचा विषय होता. ज्यातून बाकीचे सारे निष्कर्ष ओघानेच निघावेत अशा मूळ समीकरणाला त्यांनी 'मास्टर' ही पदवी दिली. तिचा अर्थ 'गुरू' असा नसून 'मूळ प्रत' असा आहे. आता ह्या कणांच्या सरीचा सिद्धान्त ज्यांनी १९३७ साली मांडला होता, त्या दोघांपैकी एक वाल्टर हाइटलर आणि दुसरे आपले होमी भाभा. मुंबईचे भाभा त्या वेळी केंब्रिजमध्ये होते. म्हणजे ह्या शब्दाच्या आजोळी आपल्याकडचा एक माणूस वावरून गेला आहे; आणि त्याच भाभांच्या संस्थेतून पुढे ह्या कथेचा एक नायक निघावयाचा होता.

त्यापूर्वी एक व्यावहारिक अध्याय आहे, आणि तो मी लवकर आटोपतो. १९४६ साली फेलिक्स ब्लॉखने चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांच्या वर्तनासाठी काही समीकरणे लिहिली आणि त्यांत दोन कालावधी घातले : एक, केंद्रांना मिळालेली ऊर्जा भोवतालात निघून जाण्याचा, आणि दुसरा, केंद्रांची आपसांतील ताल धरून फिरण्याची सुसंगती मोडण्याचा. हे दोन्ही आकडे आज रुग्णालयांत रोज उच्चारले जातात. एमआरआयच्या अहवालातील 'टी-वन' आणि 'टी-टू' ते हेच. मेंदूच्या करड्या भागात, दीड टेस्लाच्या चुंबकात, पहिला कालावधी सेकंदाच्या आसपास असतो आणि दुसरा त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा. ब्लॉखची समीकरणे अनुभवातून आलेली होती. ती मूळ तत्त्वांतून काढून दाखविण्याचा उद्योग १९५३ साली वँग्सनेसने ब्लॉखसमवेत केला आणि १९५७ साली आल्फ्रेड रेडफील्डने आणखी पुढे नेला. रेडफील्डची कृती कामाला अतिशय सोयीची. परंतु तिच्यात एक खोट राहून गेली. काही प्रारंभिक स्थिती घेऊन ती चालविली, तर मध्येच कोठेतरी संभाव्यता शून्याच्या खाली जाते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता उणे तीन टक्के आहे, असे उत्तर आले तर कारकुनाने ते कोणत्या रकान्यात लिहावे?

येथून कथा एन्नक्कल चांडी जॉर्ज सुदर्शन ह्यांच्याकडे वळते. कोट्टयमजवळच्या पल्लम गावी १९३१ साली त्यांचा जन्म झाला. कोट्टयम आणि मद्रास येथे शिक्षण झाल्यावर १९५२ साली ते मुंबईस भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. संस्था त्या काळी कुलाब्याच्या टोकाला गेलेली नव्हती. अपोलो बंदरावरील यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत तिचे बिऱ्हाड होते. सुदर्शन तेथे विश्वकिरणांच्या अभ्यासात लागले, आणि पॉल डिरॅक व्याख्याने देण्यासाठी मुंबईस आला तेव्हा ती व्याख्याने उतरवून घेण्याच्या कामातही त्यांचा हात होता. पुंजयामिकीचे व्याकरण ज्यांनी घडविले त्यांपैकी एकाचे शब्द, बाहेर बोटींचे भोंगे वाजत असताना, वहीत टिपून घेणारा तो तिशीच्या आतला तरुण पुढे अमेरिकेत गेला, रॉबर्ट मार्शाकबरोबर दुर्बल आंतरक्रियेचा सुप्रसिद्ध सिद्धान्त त्याने मांडला, आणि मग, जणू विषयांतर म्हणून, शेजाऱ्याच्या हिशेबाकडे वळला.

१९६१ साली 'फिजिकल रिव्ह्यू'त सुदर्शन, मद्रासचे पी. एम. मॅथ्यूज आणि जयसीता राव ह्या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील प्रश्न इतका सरळ आहे की तो आधी कोणी ह्या रीतीने कसा विचारला नाही, ह्याचे नवल वाटावे. हा अणू, तो चुंबक, ही उष्णता, असल्या तपशिलात न शिरता त्यांनी विचारले : घनतेच्या एका कोष्टकाचे दुसऱ्या कोष्टकात रूपांतर करणारा सर्वांत सामान्य एकघाती नियम कसा असू शकेल? अटी मोजक्या : संभाव्यतांची बेरीज १ राहावी, कोष्टकाची सममिती टिकावी, आणि कोणतीही संभाव्यता ऋण होऊ नये. त्या नियमातील सहगुणकांची घरे त्यांनी निराळ्या क्रमाने मांडली. त्याच अंकांचे एक नवे, मोठे कोष्टक तयार झाले, आणि ते योग्य त्या अर्थाने धन असेल तर सारा नियम काही ठरावीक पदांची बेरीज म्हणून लिहिता येतो, असे त्यांना दिसून आले. प्रत्येक पदात मूळ कोष्टकाच्या डावीकडे एक कारक, म्हणजे कोष्टकावर क्रिया करणारी राशी, बसतो आणि उजवीकडे त्याच कारकाचे प्रतिबिंब. कागदावर केवळ घरांची अदलाबदल. परंतु दहा वर्षांनी कार्ल क्राऊसच्या नावाने जी रचना जगभर प्रसिद्ध झाली, तिचा मसुदा येथेच होता. ह्या निबंधाला त्याच्या योग्यतेची प्रसिद्धी मिळाली ती फार उशिरा. भौतिकशास्त्रज्ञांचे त्या काळी कणांकडे लक्ष होते, आणि खुद्द सुदर्शन ह्यांचेही.

ह्या निबंधात 'धन' असण्याची अट होती. परंतु पुढे जी निर्णायक ठरली ती अट तिच्याहून एक पायरी वरची आहे, आणि तिचे नावही त्यात आलेले नाही. ते नाव म्हणजे पूर्ण धनता. धन आणि ऋण हे ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात रूढ केलेले शब्द संपत्ती आणि कर्ज ह्यांवरूनच आले असल्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला सावकारी भाषेतच सांगितलेली बरी. आपल्या व्यवस्थेच्या कोष्टकात ऋण संभाव्यता येत नाही, एवढ्यावर सामान्य धनता संतुष्ट होते. पूर्ण धनता आणखी एक चौकशी करते. दूरच्या गावी ह्या व्यवस्थेचा एक भागीदार आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही, कोणताही उपद्रव पोचलेला नाही. परंतु ह्या दोघांच्या स्थिती मुळातून एकमेकींत गुंफलेल्या आहेत. आता येथल्या नियमाने येथल्या कोष्टकात फेरफार केला, तर दोघांचे मिळून जे समाईक कोष्टक होते त्यात कोठे ऋण तर निघत नाही ना?

एवढी चिंता कशासाठी, असे कोणी म्हणेल; आपले कोष्टक धन असल्यावर भागीदारासह ते ऋण होईलच कसे? पण होते, आणि त्याचे उदाहरण आश्चर्यकारकपणे साधे आहे. कोष्टकाच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी करा, म्हणजे ते कर्णावर ठेवलेल्या आरशात पाहा. एकट्या व्यवस्थेला ह्याने काहीच इजा होत नाही. कर्णावरचे आकडे होते तसेच राहतात आणि नवे कोष्टकही धनच असते. आता दोन-दोन पातळ्यांच्या दोन व्यवस्था पुरत्या गुंफलेल्या घ्या आणि हाच आरसा फक्त एकीपुढे धरा. समाईक कोष्टकातून तत्काळ उणे एकद्वितीयांश ही संभाव्यता बाहेर येते. घरात निर्दोष दिसणारा फेरफार, भागीदाराची रुजुवात घेताच, दिवाळखोरीत निघाला.

ही अट भौतिकशास्त्रज्ञांनी शोधलेली नाही. ती १९५५ सालीच विल्यम स्टाइनस्प्रिंग ह्या गणितज्ञाने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात नोंदवून ठेवली होती. त्याने असे दाखविले की पूर्णतः धन असलेले कोणतेही रूपांतर घेतले तरी ते एका मोठ्या घराच्या, काही न हरवणाऱ्या रूपांतराची एका खोलीवर पडलेली सावली म्हणून पाहता येते. चाळकऱ्याच्या दृष्टीने ह्याहून अधिक उपयोगाचा सिद्धान्त नव्हता. परंतु तो लिहिला गेला कारकांच्या बीजगणिताच्या भाषेत, आणि भौतिकशास्त्राच्या वाचनालयातून त्या कपाटाकडे सहसा कोणी फिरकत नसे. सुदर्शन ह्यांच्या निबंधापूर्वी सहा वर्षे ही किल्ली तयार होती, आणि क्राऊसने १९७१ साली ती उचलून भौतिकशास्त्राच्या दाराला लावीपर्यंत सोळा वर्षे तशीच पडून राहिली. ज्ञानाच्या दोन खात्यांत पत्रव्यवहार नसला की केवढा काळ वाया जातो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही.

ह्या सुमारास पोलंडमधील तोरुन्य गावात निराळी हालचाल चालू होती. तोरुन्य हे कोपर्निकसचे जन्मगाव. त्याच्याच नावाच्या विद्यापीठात रोमान इन्गार्डेनच्या भोवती गणिती भौतिकीचा एक मेहनती संप्रदाय जमला होता. १९७२ साली त्यांच्या 'रिपोर्ट्स ऑन मॅथेमॅटिकल फिजिक्स' ह्या नियतकालिकाच्या एकाच खंडात दोन महत्त्वाचे लेख आले. एकात आन्द्झेय यामिओल्कोव्स्कीने रूपांतरे आणि कोष्टके ह्यांमधील एक सुंदर नाते उघड केले. दुसऱ्यात आन्द्झेय कोसाकोव्स्कीने उघड्या व्यवस्थांच्या कालप्रवाहाला रेखीव नियमांत बसविले. भोवतालाला स्मृती नाही असे धरले, तर आजच्या कोष्टकावरून उद्याचे काढताना कालच्याची गरज पडत नाही. दोन तासांचा प्रवाह म्हणजे एक तासाचा प्रवाह दोनदा लावणे. असा प्रवाह पुढे नेता येतो, मागे नेता येत नाही, आणि म्हणून गणिती त्याला गट न म्हणता अर्धगट म्हणतात. ह्या अर्धगटाचे बीज, म्हणजे क्षणाक्षणाला बदल घडवून आणणारे सूत्र, सर्वसामान्यपणे कसे असते, हे कोसाकोव्स्कीला हवे होते. परंतु त्याच्या हाती फक्त धनतेची अट होती. तेवढ्याने सूत्र सापडेना, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. केवळ धन असलेल्या रूपांतरांचे संपूर्ण वर्गीकरण आजतागायत कोणाच्या हाती आलेले नाही.

मिलानचा व्हित्तोरिओ गोरिनी आणि कोसाकोव्स्की ह्या दोघांची सुदर्शन ह्यांच्याशी गाठ पडली ती टेक्सासमधील ऑस्टिनला. सुदर्शन १९६९ पासून तेथे प्राध्यापक होते. ह्या तिघांनी अट बदलली. धनतेच्या जागी त्यांनी पूर्ण धनता घातली. मागणी वाढविली, आणि वर्षानुवर्षे न सुटणारा प्रश्न सुटला. एरवीचा अनुभव असा की अर्जातील अटी वाढल्या की काम लांबते. येथे अट कडक केली आणि उत्तर सोपे झाले. दोन पातळ्यांपासून कितीही पातळ्यांपर्यंतच्या सान्त व्यवस्थेसाठी त्यांनी सूत्र दिले, आणि भोवतालाचा सारा स्वभाव सहगुणकांच्या एका धन कोष्टकात कोंडला. १९७६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, त्यांच्याशी काही संबंध नसताना, स्टॉकहोमच्या योरान लिंडब्लाडने तेच सूत्र अनंत मितींच्या व्यवस्थांसाठीही, बीज मर्यादित असल्याच्या शर्तीवर, सिद्ध करून छापले. लिंडब्लाड स्टाइनस्प्रिंगच्या कपाटाशी चांगला परिचित होता. आदल्याच वर्षी पूर्णतः धन रूपांतरे आणि एंट्रॉपी ह्यांवर त्याने लिहिले होते.

ते सूत्र चिन्हांवाचून सांगता येते, आणि सांगितलेच पाहिजे, कारण त्याची सारी गंमत त्याच्या घडणीत आहे. कोष्टकाच्या बदलाचा वेग दोन भागांचा बनतो. पहिला भाग एकाकी गृहस्थाचा, तो जुनाच; त्यात काही हरवत नाही. दुसरा भाग शेजाऱ्यांचा. शेजाऱ्याच्या प्रत्येक प्रकारच्या उपद्रवासाठी एक कारक मुक्रर करावयाचा. कोष्टकाच्या डावीकडे तो कारक आणि उजवीकडे त्याचे प्रतिबिंब ठेवून जे येईल ते जमेस धरावयाचे. मग प्रतिबिंब आणि कारक ह्यांचा गुणाकार घेऊन तो एकदा कोष्टकाच्या डावीकडून निम्मा आणि एकदा उजवीकडून निम्मा असा वजा टाकावयाचा. जमा आणि वजा ह्यांची कर्णावरची बेरीज नेमकी फिटते, आणि म्हणून एकूण संभाव्यता १ ची १ राहते. एवढेच समीकरण. उपद्रव कितीही प्रकारचे असोत, त्यांच्या अशाच ओळी एकाखाली एक लिहावयाच्या.

'निम्मा डावीकडून, निम्मा उजवीकडून' हा शब्दप्रयोग वाचून तो केवळ हिशेबाचा नीटनेटकेपणा वाटण्याचा संभव आहे; पण त्या निम्म्यात केवढे भौतिकशास्त्र दडले आहे ते पाहण्यासाठी लान्डाऊच्या अणूकडे परत जाऊ. दोन पातळ्यांचा अणू म्हणजे माडी आणि तळमजला. एकच उपद्रव : माडीवरचा खाली येतो आणि प्रकाशाचा एक कण बाहेर जातो. कर्णावरचे माडीचे घर घ्या. त्याचे दोन्ही पाय माडीवर, म्हणून डावी कपात त्याला लागते आणि उजवीही, आणि पूर्ण वेगाने ते रिकामे होते. आता सुसंगतीचे घर घ्या. ते माडी आणि तळमजला ह्यांना जोडणारे. त्याचा एक पाय वर आणि एक खाली. कपात फक्त वरच्या पायाला, म्हणून ते निम्म्या वेगाने पुसट होते. अर्थात सुसंगतीचे आयुष्य माडीवरील वास्तव्याच्या दुप्पट. ह्याखेरीज कोणताही दुसरा उपद्रव जोडला, धक्क्यांचा किंवा चुंबकाच्या थरथरीचा, तर हे आयुष्य कमीच होईल. दुपटीपलीकडे ते जाणार नाही. ब्लॉखच्या भाषेत, दुसरा कालावधी पहिल्याच्या दुपटीहून मोठा असू शकत नाही. चुंबकांवर काम करणाऱ्यांना जे अनुभवाने ठाऊक होते, ते पूर्ण धनतेच्या अटीतून ओघाने निघाले, आणि ऑस्टिनच्या त्रयीने आपल्या निबंधातच ही असमानता काढून ठेवली होती.

नावाचा तंटा त्यानंतरचा. चार नावे पुष्कळांना जड वाटली आणि बरीच वर्षे एकट्या लिंडब्लाडच्याच नावावर सातबारा चालला. अलीकडे समाईक खाते मान्य होऊ लागले आहे. त्याच वर्षी लेनिनग्राडच्या व्ही. ए. फ्रान्केने रशियन नियतकालिकात हीच रचना प्रसिद्ध केली होती. त्याचे नाव हिस्सेदारांच्या यादीत अजून क्वचितच दिसते. कोणी म्हणेल, आद्याक्षरांत काय आहे? परंतु ज्या विषयाचा सारा भर कोणाचेही येणे बुडू नये ह्यावर आहे, त्याच विषयात हे घडावे, ह्याची मौज वाटते.

आणखी एक मौज पुढे आहे. पूर्ण धनतेची अट पवित्र मानली जाऊ लागल्यावर १९९४ साली फिलिप पेचुकासने एक शंका काढली : आपली व्यवस्था आणि भोवताल हे हिशेबाच्या पहिल्या दिवशी एकमेकांना अनोळखी आहेत, हे आपण गृहीतच धरून बसलो आहोत, ते आधीपासून गुंफलेले असतील, तर ही अट पाळली जाईलच असे नाही. वाद बराच रंगला. आणि २००५ साली अनिल शाजी ह्यांच्यासह एक निबंध लिहून पूर्ण धनता नसलेल्या रूपांतरांना भिण्याचे कारण काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारे गृहस्थ होते खुद्द सुदर्शन. आपल्याच आद्याक्षराने चालणाऱ्या सनदेला आव्हान देण्याची ही वृत्ती मला त्यांच्या समीकरणाइतकीच आवडते.

स्टाइनस्प्रिंगच्या मोठ्या घराची कल्पना मात्र आपल्याच देशात पुरी झाली. के. आर. पार्थसारथी हे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले संभाव्यताशास्त्रज्ञ. काही काळ ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते आणि पुढे सांख्यिकी संस्थेच्या दिल्लीच्या शाखेत स्थिरावले. इंग्लंडमधील रॉबिन हडसन ह्यांच्यासह १९८४ साली त्यांनी पुंज-कोलाहलाचे कलनशास्त्र उभे केले. कियोशी इतोने साध्या यादृच्छिक हालचालींसाठी जे केले होते, ते त्यांनी पुंजयामिकीच्या कारकांसाठी केले. त्यामुळे जीकेएसएल समीकरणाचा कोणताही प्रवाह एका मोठ्या, काहीही न हरवणाऱ्या प्रवाहाची सावली म्हणून प्रत्यक्ष लिहून दाखविता येऊ लागला. त्या मोठ्या घरात शेजारी प्रत्येक क्षणाला नवा असतो; अणूला एकदा भेटून तो कायमचा निघून जातो, आणि म्हणूनच त्याला स्मृती नसते.

आज ह्या समीकरणाचा मोठा वापर क्वांटम संगणकाच्या कारखान्यात होतो. १९५२ साली सुदर्शन जेथे दाखल झाले ती संस्था आता कुलाब्याच्या नेव्हीनगरात आहे, आणि तेथे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या अतिवाहक मंडलांतून क्यूबिट, म्हणजे अशा संगणकाचे दोन पातळ्यांचे घटक, बनविले जातात. २०२४ साली सहा क्यूबिटांच्या एका संचाची चाचणी तेथे पुरी झाली. जगातील कोणत्याही अशा प्रयोगशाळेत नव्या क्यूबिटाची पहिली जबानी दोन कालावधींची घेतात, ब्लॉखच्याच दोन कालावधींची. दुसरा कालावधी पहिल्याच्या दुपटीच्या जवळ आला, तर शेजाऱ्याची ये-जा एकाच दाराने चालली आहे असे समजून पुढच्या कामास लागतात. मागे राहिला, तर दुसरे दार कोठे उघडे राहिले ते शोधू लागतात.